कर घेतात म्हणजे क्रिप्टो कायदेशीर झालं का?

इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये आता क्रिप्टोसाठी, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांसाठी, वेगळा तक्ता असतो. नफ्यावर ३० टक्के कर लागतो, विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. जून २०२५ मध्ये तर हे उत्पन्न न दाखवणाऱ्या हजारो लोकांना खात्याकडून ईमेल गेले. सरकार इतकं मन लावून वसुली करतंय म्हटल्यावर कुणीही हेच धरून चालेल की हे आता कायदेशीर झालं. पण रिझर्व्ह बँक गेली कित्येक वर्षं क्रिप्टोपासून लांब राहा म्हणून बजावते आहे. आणि त्याच वेळी केंद्राचं माहिती-तंत्रज्ञान मंत्रालय, ज्या तंत्रावर क्रिप्टो चालतं त्या ब्लॉकचेनचं कौतुक करत सरकारी दाखले त्यावर चढवतंय. तिघांचं एकमेकांशी बोलणं तरी होतं का, अशी शंका यावी.

थोडक्यात उत्तर असं: बंदी नाही, मान्यता नाही, कर आहे. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये साधारण हेच सांगितलं होतं, की सरकार याला उत्तेजन देत नाही आणि रोखतही नाही, कर तेवढा भरपूर लावतं. या धोरणात सरकारच्या तिजोरीचा प्रश्न सुटला आहे. ग्राहकाचा अजून सुटायचा आहे. हे असं का झालं ते कळायला आधी ब्लॉकचेन म्हणजे काय ते पाहायला हवं. ते वाटतं तितकं अवघड नाही.

भिशीची वही

बारा जणींची भिशी आहे आणि वही एकीकडेच आहे. सगळा कारभार तिच्या भरवशावर. तिने एखादा आकडा खोडून दुसरा लिहिला, तर बाकीच्या अकरा जणींच्या हातात पुरावा काही नाही.

आता अशी पद्धत ठेवू की बाराही जणींकडे आपापली वही असेल. दर महिन्याला सगळ्यांसमोर एकच नोंद बाराही वह्यांत होईल. शिवाय प्रत्येक पान ‘मागील पानावरून पुढे’ असं लिहून मागच्या पानाच्या बेरजेनेच सुरू होईल. कुणी मागाहून तिसऱ्या पानावर खाडाखोड केली, तर चौथ्यापासून पुढच्या सगळ्या पानांच्या बेरजा चुकतील आणि बाकी अकरा वह्यांशीही मेळ बसणार नाही. लबाडी करणारी तिथेच सापडेल.

ब्लॉकचेन म्हणजे हीच पद्धत कॉम्प्युटरवर. पान म्हणजे ब्लॉक. ‘मागील पानावरून पुढे’च्या जागी एक लांबलचक सांकेतिक आकडा असतो. मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा पार बदलून जातो. त्याला आपण मजकुराचा अंगठा म्हणू.

पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ मात्र दुसऱ्या एका प्रश्नात आहे: या भिशीत कोण बसू शकतं? ओळखीच्याच बारा जणी असतील, तर वही लिहिण्यासाठी कुणाला वेगळं काही द्यावं लागत नाही. बँकांचा गट किंवा सरकारी खाती मिळून चालवतात ते ब्लॉकचेन या प्रकारचं. पण जगातल्या कुणीही अनोळखी माणसाने यावं आणि वही ठेवावी असं असेल, तर तो फुकट का राबेल? वीज त्याची, मशीन त्याचं. म्हणून त्याला मेहनताना मिळतो, तोही त्याच वहीत जन्मलेल्या नाण्यात. बिटकॉइन हे असं नाणं. याला टोकन म्हणतात. आपल्या कायद्यात अशा सगळ्यांना मिळून ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असं नाव आहे. २०२२ च्या बजेटने ते आणलं.

तुमच्या फोनमध्ये ब्लॉकचेन आधीच आलंय

बँकेचा एखादा एसएमएस उघडून वरचं नाव पाहा. इंग्रजी अक्षरांचा एक गट आणि अगदी शेवटी, आडव्या रेघेनंतर, एकच अक्षर: पी, एस, टी किंवा जी. जाहिरात असेल तर पी, सेवेची सूचना असेल तर एस, व्यवहाराचा मेसेज असेल तर टी, सरकारी असेल तर जी. हे नाव आणि मेसेजचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक वहीत आधी नोंदवलेला असतो. ही वही ब्लॉकचेनच्या तंत्रावर चालते. टेलिकॉम नियामक ‘ट्राय’ने २०१८ च्या नियमांनी ती सक्तीची केली. भारतात ब्लॉकचेनचा इतका पसरलेला उपयोग बहुधा दुसरा नाही. पण त्यात सट्टा नाही, कुणी रातोरात श्रीमंत झालं नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

एकदाच झाली. ८ मार्च २०२१ रोजी प्रत्येक मेसेज नोंदलेल्या साच्याशी ताडून पाहायला सुरुवात झाली आणि देशभर ओटीपी अडकले. लोक पैसे भरायला बसले होते, ओटीपी येईना. वही चोख चालली होती. घोळ असा की अनेक कंपन्यांनी आपले साचे नीट नोंदवलेच नव्हते. ट्रायला ती तपासणी काही दिवस थांबवावी लागली. सरकारी ब्लॉकचेनबद्दल मोठे दावे ऐकले की मला हा सोमवार आठवतो.

सरकारला त्यातलं नेमकं काय हवंय?

ओळखीच्या माणसांची वही हवी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने राष्ट्रीय ब्लॉकचेन धोरण जाहीर केलं. त्यातून उभा राहिलेला ‘विश्वस्य’ नावाचा सामायिक मंच ४ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. या राष्ट्रीय आराखड्याच्या कामाला ६४.७६ कोटी रुपये मंजूर झाले होते. सी-डॅक, एनआयसी (सरकारची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळणारी संस्था), हैदराबादची आयआयटी अशा संस्थांनी तो बांधला आणि त्याचे सर्व्हर भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद इथल्या एनआयसीच्या डेटा सेंटरमध्ये आहेत. कल्पना अशी की एखाद्या राज्याला दाखले, गुणपत्रिका, औषधांचा साठा यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवायच्या असतील, तर प्रत्येकाने स्वतंत्र यंत्रणा उभारण्यापेक्षा ही तयार वापरावी.

इथे चोखंदळ वाचक विचारेल: तिन्ही ठिकाणच्या वह्या एकाच खात्याच्या कपाटात असतील, तर त्या वेगवेगळ्या कशा म्हणायच्या? शंका रास्त आहे. अशा रचनेत बाहेरच्या माणसाला खाडाखोड करणं कठीण होतं. खुद्द चालकांनीच मिळून ठरवलं तर मात्र अडवणारं कुणी नाही. त्यामुळे सरकारी ब्लॉकचेनवर वह्या कुणाकुणाकडे आहेत, त्यात विद्यापीठं, न्यायालयं, बँका अशा स्वतंत्र संस्था आहेत का, हे विचारायलाच हवं. नसतील तर चांगला बॅकअप असलेला साधा डेटाबेसही तेच काम करतो, आणि स्वस्तात.

दुसरी गोष्ट ई-रुपयाची. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी सामान्य ग्राहकांसाठी त्याची चाचणी सुरू केली. मुंबई पहिल्या चार शहरांत होती. ई-रुपया ही नोटच, फक्त फोनमध्ये. यूपीआयने पैसे दिले की ते एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. ई-रुपयात थेट रिझर्व्ह बँकेने काढलेलं चलन हातोहात जातं. मार्च २०२५ अखेर असे सुमारे १,०१६ कोटी रुपये चलनात होते. त्याच महिन्यात यूपीआयवर जवळपास २५ लाख कोटींची उलाढाल झाली. यूपीआय इतकं मुरलंय की ई-रुपयाचं काय करायचं हे अजून लोकांना उमगलेलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर.

सातबारा ब्लॉकचेनवर टाकला तर भांडणं मिटतील का?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर निराशेचं आहे. वही फक्त सांगते की नोंद झाल्यानंतर ती कुणी बदलली नाही. नोंद करतानाच ती खोटी होती का, हे तिला कळत नाही. चुलत्याने वारस लपवून फेरफार करून घेतला असेल, तर ब्लॉकचेन ती लबाडी जन्मभर जशीच्या तशी जपून ठेवील. आपल्याकडे मुळात खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे मालकी निर्विवाद सिद्ध झाली असं कायदाही मानत नाही. तो पाया आधी बदलायला हवा, वहीचं नंतर बघू.

‘वही हवी, नाणं नको’ हे जमतं का?

काही प्रमाणात जमतं. आधी पाहिल्याप्रमाणे ओळखीच्यांच्या भिशीला नाणं लागत नाही. पण सरकारनेच यातली गुंतागुंत दाखवून दिली आहे, आणि तीही थेट गडचिरोलीत.

२०२२ मध्ये एटापल्ली तालुक्यात सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेण्यात आलं. बनावट दाखला लावून आदिवासींच्या राखीव जागा बळकावण्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत, त्यामुळे हेतू उत्तम होता. दाखल्यावर क्यूआर कोड. तो स्कॅन केला की हातातला कागद मूळ दाखल्याशी जुळतो की नाही ते कळतं. ब्लॉकचेनवर दाखला जात नाही, त्याचा अंगठा जातो, म्हणजे माणसाची माहितीही उघडी पडत नाही. यासाठी वापरलेलं ब्लॉकचेन होतं पॉलिगॉन. ते सरकारी नाही, खुलं आहे, जगभरातले अनोळखी लोक त्याच्या वह्या सांभाळतात. तहसील कार्यालय उद्या जळालं किंवा कंत्राटदार पळून गेला तरी नोंद कुठे जात नाही, हाच तर फायदा.

पण खुल्या वहीत एक ओळ लिहायची तर शुल्क पडतं, आणि पॉलिगॉनवर ते शुल्क त्याच्याच टोकनमध्ये द्यावं लागतं. किंमत किरकोळ असते, प्रश्न तत्त्वाचा आहे. ज्या टोकनला केंद्र सरकार ‘मान्यता नाही’ म्हणतं, ते खर्च केल्याशिवाय एटापल्लीच्या दाखल्याची नोंद होत नाही. वही आणि नाणं वेगळं काढता येत असलं, तरी सगळीकडे नाही. आणि जिथे येत नाही, तिथेच हे तंत्र सगळ्यांत जास्त कामाचं आहे.

आणखी एक. पॉलिगॉन हे मुंबईतलं बाळ आहे. २०१७ मध्ये ‘मॅटिक’ या नावाने सुरू झालं. त्याचे एक संस्थापक संदीप नेलवाल पुढे दुबईला राहायला गेले. दुबईने मार्च २०२२ मध्ये फक्त या उद्योगासाठी स्वतंत्र नियामक संस्था स्थापन केली. आपल्याकडे त्याच सुमारास ३० टक्के कराची तयारी चालू होती.

इथवर आलो कसे?

६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की क्रिप्टो कंपन्यांना सेवा देऊ नका. थेट बंदी नव्हती, पण बँक खातंच नसेल तर धंदा कसा चालणार? २०१९ मध्ये केंद्राच्या एका समितीने सरसकट बंदीची शिफारस केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक रद्द केलं; क्रिप्टो चांगलं की वाईट यावर न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं नाही, झालेला उपाय अतिरेकी आहे इतकंच म्हटलं. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात क्रिप्टोचं विधेयक कामकाजाच्या यादीत आलं, पण मांडलं गेलं नाही. पुढे फेब्रुवारी २०२२ चं बजेट आलं आणि कायद्याआधी कर येऊन बसला.

कराचा हिशेब एकदा मांडून पाहू

समजा, एका नाण्यात तुम्ही १ लाख कमावले आणि त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात १ लाख घालवले. खिशात शून्य. शेअर बाजारात असं झालं तर तोटा नफ्यातून वजा होतो. क्रिप्टोत होत नाही. १ लाखाच्या नफ्यावर ३० टक्के, म्हणजे ३० हजार, वर ४ टक्के सेस १,२०० रुपये. एकूण ३१,२०० रुपये भरायचे, एक पैसाही न कमावता. तोटा पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

टीडीएसची तऱ्हा निराळी. एखादी व्यक्ती १ लाख रुपये घेऊन खरेदी-विक्री करते आणि समजा नफा-तोटा काहीच होत नाही. प्रत्येक विक्रीत १ टक्का कापला जातो. उरलेल्या पैशांतून पुन्हा खरेदी, पुन्हा विक्री. पन्नास विक्रींनंतर हातात साधारण ६०,५०० रुपये उरतात. बाकीचे बुडाले नाहीत, रिटर्न भरल्यावर वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून पडतात. साहजिकच बरेच लोक परदेशी एक्सचेंजकडे वळले. (एक्सचेंज म्हणजे नाणी विकत घेण्या-विकण्याचा ऑनलाइन अड्डा.) कापाकापीचा उद्देश व्यवहारांवर नजर ठेवणं हाच असेल, तर ०.०१ टक्क्यानेही ती ठेवता आली असती.

तरीही २०२४-२५ मध्ये या टीडीएसचे सुमारे ५१२ कोटी रुपये जमा झाले. त्यातले निम्म्याहून जास्त, सुमारे २९३ कोटी, एकट्या महाराष्ट्रातून. मोठी एक्सचेंज मुंबईत नोंदलेली असल्याचा हा परिणाम असावा. तंत्राला चालना द्यायला मंजूर झालेले ६४.७६ कोटी याच्या शेजारी ठेवून बघा.

‘एफआययू नोंदणीकृत’ म्हणजे काय, आणि काय नाही

मार्च २०२३ पासून क्रिप्टो कंपन्या मनी लाँडरिंग विरोधी कायद्याखाली आल्या. त्यांना अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा गेल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या, बिनान्स या एक्सचेंजला जून २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड झाला. त्यानंतर ‘आम्ही एफआययू नोंदणीकृत’ असं जाहिरातीत ठळकपणे झळकू लागलं.

इथेच गफलत होते. ही नोंदणी काळा पैसा पकडण्यासाठी आहे. ग्राहकाची केवायसी घेतली का, संशयास्पद व्यवहार कळवला का, एवढंच ती पाहते. ग्राहकांची नाणी वेगळी ठेवली आहेत का, त्यांचं ऑडिट झालं का, चोरी झाली तर कोण भरून देणार, यातलं काहीही तिच्या कक्षेत येत नाही. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. शेअर ब्रोकरने घोळ घातला तर सेबीकडे जाता येतं. क्रिप्टोत जायचं कुठे? एप्रिल २०२२ पासून जाहिरातींत जी बारीक टीप द्यावी लागते ती वाचलीत का कधी? हे उत्पादन अनियंत्रित आहे आणि नुकसान झालं तर दाद मागायला नियामक नसेल, असंच ती सांगते.

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मुंबईच्या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलरची, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. पैसे काढणं बंद झालं. पुनर्रचनेची प्रक्रिया चालली सिंगापूरच्या न्यायालयात, कारण संबंधित कंपनी तिथली. नाशिक-नांदेडकडच्या ग्राहकांनी सिंगापूरच्या कायद्यातली प्रतिज्ञापत्रं वाचायची आणि ऑनलाइन मतदान करायचं. एक्सचेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहकाला अंतरिम संरक्षण देताना क्रिप्टो ही ‘मालमत्ता’ आहे आणि ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते, असं म्हटलं. जे संसदेने सांगायला हवं होतं, ते शेवटी एका ग्राहकाच्या अर्जावर न्यायाधीशांना सांगावं लागलं.

जपानने काय केलं?

जपानचं उदाहरण मला अमेरिका किंवा दुबईपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं, कारण तो देश दोनदा पोळला. २०१४ मध्ये टोकियोतलं माउंट गॉक्स हे तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं बिटकॉइन एक्सचेंज बुडालं. त्यावरून धडा घेऊन एप्रिल २०१७ पासून एक्सचेंजना नोंदणी सक्तीची झाली. जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या एक्सचेंजमधून ५८ अब्ज येनची नाणी चोरीला गेली. मग कायदा आणखी आवळला: ग्राहकांची किमान ९५ टक्के नाणी इंटरनेटला न जोडलेल्या तिजोरीत ठेवायची, जी थोडी जोडलेली असतील तितकी स्वतःच्या खिशातून वेगळी बाजूला काढायची, आणि ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांत मिसळायचे नाहीत. मे २०२० पासून हे लागू झालं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे अवाढव्य एक्सचेंज कोसळलं. जगभरचे ग्राहक पुढची वर्ष-दोन वर्षं दिवाळखोरीच्या रांगेत उभे राहिले. एफटीएक्सच्या जपानी शाखेतल्या ग्राहकांना मात्र फेब्रुवारी २०२३ पासून आपापली मालमत्ता काढून घेता आली. तीन महिन्यांत.

आणि करांचं म्हणाल तर या सगळ्या काळात जपानमध्ये क्रिप्टोच्या नफ्यावर ५५ टक्क्यांपर्यंत कर लागायचा, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथले उद्योजक त्यावर कुरकुरतात आणि त्यांचं चुकत नाही. पण ग्राहक वाचला तो कराच्या दरामुळे नव्हे. आपल्याकडे मात्र दर बजेटच्या आधी चर्चा एकाच गोष्टीची: ३० चे २० करणार का, टीडीएस घटवणार का. उद्योगाच्या संघटनाही हेच मागतात. ग्राहकांची नाणी सुरक्षित ठेवण्याचे नियम मागताना त्यांचा आवाज एवढा चढत नाही.

‘नियम केले तर सट्ट्याला प्रतिष्ठा मिळेल’

रिझर्व्ह बँकेच्या विरोधाचा गाभा हा आहे. सरकारचा शिक्का बसला की लोकांना वाटेल हे सुरक्षित आहे, आणि निवृत्तीचे पैसे घेऊन माणसं त्यात उतरतील. मुद्दा हलका नाही. पण शिक्का नसताना लोक उतरले नाहीत असं झालंय का? पुण्यात गुन्हे दाखल झालेलं ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण आठवा. दरमहा १० टक्के परतावा, दीड वर्ष, असं आश्वासन होतं. ईडीच्या अंदाजाने घोटाळा ६,६०० कोटींचा. त्यात ब्लॉकचेनचा दोष तसा काहीच नव्हता, जुनीच साखळी योजना नव्या वेष्टनात आली होती. पुढे तर कळस झाला: तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली, आरोप होता जप्तीची नाणी परस्पर वळवल्याचा. जप्त केलेलं क्रिप्टो कुणाच्या ताब्यात, कुठल्या वॉलेटमध्ये आणि किती जणांच्या सहीने ठेवायचं, याचा नियम कागदावर पक्का असता तर असा आरोप करायची वेळच आली नसती.

प्रतिष्ठेची भीती खरी मानली, तरी ती प्रतिष्ठा १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कराने आधीच देऊन झालीय. लोकांच्या लेखी कर म्हणजेच मान्यता.

‘पण डॉलरचं काय?’

हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. स्टेबलकॉइन नावाची नाणी असतात, ज्यांची किंमत एखाद्या चलनाशी बांधलेली असते. बाजारातली जवळपास सगळी डॉलरशी बांधलेली आहेत. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यासाठी खास कायदा केला. आपल्याकडे रुपये परदेशी नेण्यावर मर्यादा आहे: माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. फोनवरून कुणीही, कितीही रुपयांचे डिजिटल डॉलर करू लागलं, तर ती मर्यादा कागदावर राहील आणि रुपया घसरत असताना घसरणीला वेग येईल. मोठा देश असूनही रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराची मात्रा इथे कमी चालेल.

उलट बाजूही आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून घरी पाठवलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात पहिला. कुवेतमध्ये राबणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाला बँकेचं कमिशन वाचवणारा रस्ता दिसला तर तो वापरावासा वाटणारच. नियम नसले म्हणून रस्ता बंद होत नाही, फक्त अंधारातून जावं लागतं.

अंधारात काय होतं ते पाहा. एखादा मुलगा डॉलरचे स्टेबलकॉइन ऑनलाइन अनोळखी माणसाला थेट विकतो. खात्यात ४० हजार येतात, हा नाणी पाठवतो, व्यवहार पुरा. आठवड्याने बँकेचा मेसेज: खातं गोठवलं आहे. कारण ते ४० हजार तिसऱ्याच राज्यातल्या कुणाला तरी ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊन उकळलेले होते. त्या फसलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलिसांनी पैशांचा माग काढला आणि साखळीत या मुलाचं खातं आलं. आता त्याने परराज्यातल्या सायबर ठाण्याला पटवून द्यायचं की मी चोर नाही, विक्रेता आहे. पगारही त्याच खात्यात येत असतो.

आत्ता हातात काय आहे?

नियामक कोण, हे ठरेपर्यंत थांबावं लागणार. तोवर अनोळखी माणसाशी थेट खरेदी-विक्री टाळा. एक्सचेंजवर नाणी साठवून ठेवणं म्हणजे ती दुसऱ्याच्या वहीत ठेवणं. ती कंपनी कुठल्या देशात नोंदलेली आहे आणि वाद झाला तर कुठल्या शहरात लवाद बसणार, हे अटींमध्ये लिहिलेलं असतं, ते खातं उघडण्याआधी वाचा. खरेदीची तारीख, किंमत आणि कापलेला टीडीएस यांची नोंद स्वतःकडे ठेवा, एक्सचेंज बंद पडलं तर ती तिथून मिळणार नाही. आणि परदेशी एक्सचेंजवर आहे म्हणून रिटर्नमध्ये दाखवलं नाही तरी चालेल, अशा भ्रमात राहू नका. १ एप्रिल २०२६ पासून इथल्या क्रिप्टो कंपन्यांवर ग्राहकांचे व्यवहार इन्कम टॅक्स खात्याला कळवण्याची जबाबदारी आहे, आणि २०२७ पासून वेगवेगळे देश ही माहिती एकमेकांना देऊ लागतील, भारतही त्यात असेल असं ठरलं आहे.